दत्ताची तीन कार्डं

दत्ताचं पहिलं कार्ड आलं तेव्हा सोपान एका दूधवाल्याच्या सायकलच्या मागच्या चाकाचा आऊट काढत, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करत, बसला होता. ओतूरच्या एसटी स्टँडसमोर त्याचं दुकान. वडिलांनी घातलेलं, आणि वडील गेल्यावर त्याला बारावीतून उठवून गळ्यात पडलेलं. पोस्टमननं कार्ड गल्ल्यावर टाकलं आणि परदेशी तिकीट माझ्या पोरासाठी काढून ठेवा म्हणून सांगून गेला. सोपाननं हात पुसले, कार्ड उलटंपालटं केलं. पुढच्या बाजूला निळं पाणी, त्यात हिरवी बेटं, बेटांवर पांढऱ्या खोडांची झाडं. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढी अक्षरं आणि पत्ता: राघू मेंढके, मार्फत सोपान सायकल मार्ट, ओतूर.

हे मार्फतचं प्रकरण नऊ वर्षांचं जुनं. दत्ताच्या आईबापांना, राघू आणि बाळाबाईला, अक्षरओळख नव्हती. मुलगी निर्मला दहावी झालेली, पण ती मंचरला नांदत होती. राघूचा मेंढरांचा कळप पावसाळ्यात ओतूरच्या पूर्वेला माळावर असायचा आणि दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचा, तेव्हा पोस्टमननं तरी त्यांना कुठं गाठायचं? म्हणून दत्ता पुण्याला डिप्लोमाला गेला तेव्हापासून पत्र दुकानावर यायचं, राघू बाजारच्या दिवशी यायचा, सोपान वाचून दाखवायचा आणि उत्तरही सोपानच लिहायचा. त्यात कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं.

सोपाननं कार्ड उभ्या उभ्या वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. स्वतःचं नाव शोधत होता हे त्याचं त्यालाही जरा उशिरा कळलं. नाव होतं ते फक्त पत्त्यात.

आता त्याचा जळफळाट का झाला ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. सायकलवरून जग फिरायचं, हे खूळ मुळात सोपानचं. दत्ताचं नव्हे. नववीत असताना सोपानकडं शाळेचा नकाशासंग्रह होता, आणि त्यात फिनलंड नावाच्या देशाच्या पानावर त्याचा जीव जडला होता. कारण काही नाही, त्या पानावर निळे ठिपके फार होते. देश कसला, सगळी तळीच तळी. वर अगदी टोकाला एक मोठं तळं होतं, इनारी. त्याभोवती सोपाननं तांबड्या पेन्सिलीनं गोल काढला आणि दत्ताला सांगितलं की आपण इथपर्यंत जायचं, सायकलवर, तंबू आणि स्टोव्ह मागं बांधून, कुणाकडून काही न घेता. दत्ता, राघू मेंढक्याचं पोर, तोंड उघडं टाकून ऐकत होता. त्याला सायकल चालवायलाही सोपाननंच शिकवलं होतं.

दहावीच्या दिवाळीत दोघांनी रंगीत तालीमही केली. दुकानातल्या भाड्याच्या दोन सायकली घेऊन माणिकडोह, वडज आणि येडगाव अशी तीन धरणं चार दिवसांत पालथी घातली. एक मुक्काम लेण्याद्रीच्या पायथ्याशी पडला. वाट सोपाननं आखलेली, पंक्चरचं सामान सोपानचं, आणि वडजच्या उतारावर दत्ताचं चाक वाकलं तेव्हा ते सरळ करणारा सोपानच. त्यानं सायकल उलटी केली, ब्रेकच्या गुटक्याला अंगठा टेकवून नख रिमच्या जवळ नेलं, चाक फिरवलं आणि नखाला घासेल तिथली पलीकडच्या बाजूची तार आवळत गेला. ही नखाची युक्ती त्याची स्वतःची. दत्तानं ती तीनदा करायला लावली आणि मग स्वतः करून पाहिली.

पुढं सोपान दुकानात बसला आणि दत्ता दुधाच्या मशिनरीच्या कंपनीत लागला. जगात एवढे देश पडलेत, पण कंपनीला त्याला ट्रेनिंगला पाठवायला नेमका फिनलंडच सापडला. हे ऐकलं त्या दिवशी सोपानला जेवण गेलं नाही. वर दत्ता निरोप घ्यायला आला तो सांगत आला की ट्रेनिंग जूनच्या सुरुवातीला संपतंय, तिथं राहायचा परवाना ऑगस्टपर्यंत आहे, साहेबानं बिनपगारी रजा दिलीय, तेव्हा एक जुनी सायकल घेऊन एकटाच इनारीपर्यंत जाईन म्हणतो. आणि ते नकाशाचं पान देशील का? सोपाननं पान फाडून दिलं. हसत दिलं. मग तीन दिवस दुकानात येईल त्या गिऱ्हाइकावर डाफरत राहिला.

आणि आता हे कार्ड. त्यात लिहिलं होतं की पाच गिअरची जुनी सायकल मिळाली, सामान दोन्ही बाजूंना आई घोड्यावर लादते तसं सारख्या भारानं बांधलं, रोज सत्तर किलोमीटर होतात, रस्त्याच्या दोन्ही अंगाला पाणीच पाणी, आणि डासही तेवढेच. दुसऱ्या दिवशी मागच्या चाकाची फ्रीव्हीलच्या, म्हणजे दातेरी चकतीच्या, बाजूची तार तुटली. फ्रीव्हील उतरवून नवी तार घातली आणि ब्रेकच्या गुटक्याला अंगठा टेकवून नखावर आऊट काढला, चाक अगदी गोल फिरतंय. माझी युक्ती, सोपान मनात म्हणाला, माझं तळं, माझं पान, आणि माझं नाव घ्यायला ह्याच्या कार्डात जागा नाही. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बाजारच्या दिवशी राघू आला. डोईवरचं घोंगडं पायरीवर ठेवून बसला आणि चित्राकडं बराच वेळ बघत राहिला. गवत लई दिसतंय, पण जनावर एक दिसत न्हाई, एवढंच म्हणाला. मग सोपाननं वाचायला घेतलं.

आबांना आणि आईला नमस्कार. मी खुशाल आहे. सायकल जुनी आहे. दुसऱ्याच दिवशी तार तुटली. इथं डास फार आहेत. तुम्ही तब्येतीला जपा.

ह्यात खोटं एक अक्षर नव्हतं. सोपाननं घातलं काहीच नाही, फक्त गाळलं. घोड्यावरचा भार गाळला, पाणी गाळलं, नखावरचा आऊट तर सगळ्यात आधी गाळला. पण मेंढक्याचा पहिला सवाल त्याच्या ध्यानात राहिला नव्हता. वाटेवरचा मेंढका दुसऱ्या मेंढक्याला नावगाव नंतर विचारतो, आधी चाल विचारतो.

"रोजचा किती चालतोय?" राघूनं विचारलं.

कार्डावर सत्तर हा आकडा ढळढळीत होता. सोपाननं तो पाहिला, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "पंधरा-वीस किलोमीटर."

राघू उठला. कार्ड बंडीच्या खिशात घातलं, घोंगडं उचललं, आणि निघताना मान न वळवता म्हणाला, "वीस तर माझी गाभण मेंढरं बी चालत्यात."

सोपानला त्या संध्याकाळी फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, त्यानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या. परदेशात सायकल मारणारा वीर बापाच्या नजरेत गाभण मेंढीच्या मागं पडला, ह्यात त्याला अशी काही गोडी लागली की दुसऱ्या दिवशी त्यानं दोन पोरांना पंक्चर फुकट काढून दिलं.

दुसरं कार्ड आठवड्यानं आलं. दत्ता पावसात भिजत नावेतून सायकलसकट तळी ओलांडत होता. संध्याकाळी एका शेतकरणीला, आपण मेंढरं बसवायला दुसऱ्याच्या रानाची परवानगी मागतो तसं हातवारे करून विचारलं, तर तिनं तंबूला जागा दिली आणि वर बटाटे उकडून दिले. मागचं फ्रीव्हील बदललं, अठ्ठावीस दातांचं घातलं, आता लादलेली सायकलही चढाला बसल्या बसल्या चढते. खाली लिहिलं होतं की काही कळवायचं तर ह्या पत्त्यावर कळवा, रोवानिएमी गावाचं पोस्ट, जुलैच्या मध्याला तिथं पोचेन आणि पत्र मागून घेईन. सोपाननं राघूला पाऊस वाचून दाखवला, ओले कपडे वाचून दाखवले, आणि एका बाईनं बटाटे दिले तेवढं वाचलं.

"चाल?"

"तेवढीच."

ह्या खेपेला राघू उठला नाही. तो आपल्या पायांकडं बघत बोलू लागला. कळपात जी मेंढी मागं पडते तिला काहीतरी झालेलं असतं. कधी खुरात, कधी पोटात. ती सांगत नाही, तिच्या चालण्यात दिसतं. दत्ता सात वर्षांचा असताना कळपाबरोबर घाट उतरला होता, आणि आता सायकल बुडाखाली असून वीस? पोराला काहीतरी दुखतंय आणि तो लपवतोय. बाळाबाई तर मागच्या बाजारापासून रात्रीची भाकरी खात नाही, नुसतं पाणी पिऊन पडते.

इथं सोपानला एक शब्द बोलता आला असता. चुकून वाचलं, सत्तर आहे, एवढं म्हणायचं होतं. राघूनं कपाळाला हात लावला असता, हसला असता, प्रकरण मिटलं असतं. पण एकदा सत्तर म्हटलं की नावा आल्या, बेटं आली, चढावरचं फ्रीव्हील आलं, आणि बापाचं ते हसू पाहत बसावं लागलं असतं. सोपान एक पंक्चर घासत राहिला.

पुढच्या बाजाराला राघू बाळाबाईला घेऊनच आला. ती खरंच उतरली होती. दुकानात बसायला तयार नव्हती, खांबाला टेकून उभी राहिली. राघू म्हणाला, पत्र लिही. त्याला सांग, "तुझ्या पायी तुझी आय जेवत न्हाई, दिसंदिस खालावत चाललीया. तुझी चाल मंदावलीया, तुला काय दुखतंय ते आमाला कळलंय. निघून ये."

सोपाननं हवाई पत्र घेतलं आणि लिहिलं: आई जेवत नाही. दिवसेंदिवस खालावते आहे. निघून ये.

पुन्हा तेच. घातलं काही नाही, फक्त गाळलं. चालीची ओळ राहू दिली असती तर दत्ता चक्रावला असता, मी तर सत्तर मारतोय असं उलट कळवून पुढं निघाला असता. ती ओळ गेली आणि पत्राचा अर्थच फिरला. हे सोपानला पेन उचलायच्या आधी कळलेलं होतं. त्यानं पत्र दोघांना वाचून दाखवलं, ते मात्र राघूच्या शब्दांत, पूर्ण. मग स्वतः पोस्टात जाऊन टाकलं.

तिसरं कार्ड त्यानंतर चार दिवसांनी आलं. त्यात उजेड मावळतच नाही असं होतं, रोज ऐंशीसुद्धा होतात असं होतं. रोवानिएमीपासून इनारी सव्वातीनशे किलोमीटर, शेवटचा पल्ला, असं होतं. सोपाननं ते कार्ड वाचलं आणि वॉशरच्या डब्याखाली खणात ठेवून दिलं. राघूनं विचारलं तेव्हा काही आलं नाही म्हणाला. ही त्याची आणखी एक थाप.

नंतरचे दिवस सोपानला धड गेले नाहीत. पत्र रस्त्यात हरवावं असं त्याला सकाळी वाटायचं. दुपारी वाटायचं, हरवलं तर हा त्या तळ्यावर जाऊन उभा राहील, माझ्या तांबड्या गोलात, आणि मग आल्यावर हायस्कूलमध्ये सत्कार, नारळ, शाल. ते डोळ्यांपुढं आलं की पत्र वेळेत पोचावं असं वाटायचं. माणूस असा दोन्हीकडून जळायला लागला की त्याला सुख कुठून मिळणार?

पत्र पोचलं. नागपंचमीच्या आदल्या दिवशी दत्ता दुकानात आला. उन्हानं काळा झालेला, गालफडं बसलेली, पण पोटऱ्या अशा की सोपाननं नजर काढून घेतली. दत्ता नेहमीच्या लाकडी खोक्यावर बसला. कालच आलो म्हणाला, आई बरीय, मला बघून तिनं भाकरी खाल्ली.

"पत्र कुठं मिळालं?" सोपाननं विचारलं.

"रोवानिएमीच्या पोस्टात. पायरीवर बसून वाचलं." दत्तानं हात गुडघ्यांवर ठेवले. "मग सायकल तिथंच एका पोराला देऊन टाकली आन् गाडी धरली. राव, चारपाच दिवसांची वाट राहिली व्हती."

त्यानं खिशातून नकाशाचं पान काढून सोपानच्या हातात दिलं. घड्यांवर फाटलेलं, पाण्यानं फुगलेलं. खालून वर बॉलपेनची रेघ गेली होती, तळ्यांना वळसे घालत, मुक्कामाला ठिपका देत, आणि तांबड्या गोलाच्या दोन बोटं अलीकडं थांबली होती. सोपानला वाटलं होतं की ही रेघ अर्धवट पाहून आपल्याला गार वाटेल. तसं काही झालं नाही.

"त्या अठ्ठावीस दातांच्या फ्रीव्हीलचं वाचलंस ना?" दत्ता म्हणाला. "तुला पटलं का? लादलेल्या सायकलला तीसचं लागतं असं तू म्हणायचास, म्हणून मुद्दाम लिवलं."

"मला?"

"मग कुणाला? आबांना दात कळत्यात व्हय? कार्ड तुझ्याच हातात पडणार, वाचणार तूच. वरच्या दोन ओळी आबा-आयला आन् बाकी सगळं तुला. तुला निराळा नमस्कार कशाला लिव्हायचा, तू काय पावणा हाईस?" तो हसला. "नखावर आऊट काढला तेव्हा तर वाटलं, तू बघाय पाहिजे व्हतास."

सोपान त्या पानाकडं बघत राहिला. तीन कार्डं त्याला आली होती. त्याच्या आयुष्यात दुसऱ्या कुणी त्याला एवढं लिहिलं नव्हतं, आणि त्यानं ती ओळ न् ओळ गाळली होती.

दत्ता उठताना सहज म्हणाला की उद्या निर्मला पंचमीला येतेय, सोपाननं लई भरभर वाचलं म्हणून आई तिच्याकडून सगळी कार्डं परत वाचून घेणार आहे; आपलंच लिहिलेलं वाचायला मला लाज वाटते. आणि एक विचारायचं राहिलं. आबा सारखे पायाला हात लावून बघतात, काय दुखतंय म्हणून विचारतात. मी धडधाकट आहे म्हटलं तरी पटत नाही. तू काही सांगितलं होतंस का?

सोपाननं दुकानाचं फळकूट लावलं. खणातलं कार्ड काढलं. दत्ताच्या हातात न देता स्वतःच्या खिशात ठेवलं आणि म्हणाला, "निर्मलेकडून नको. चल, मी वाचतो."

माळावर राघूच्या झोपडीपुढं मेंढरं आत घेऊन झाली होती. बाळाबाईनं घोंगडं अंथरलं. राघूनं ट्रंकेतली दोन कार्डं आणून दिली आणि तिसरं सोपानच्या खिशातून निघालेलं पाहून त्याच्या भुवया वर गेल्या, पण विचारलं काही नाही. सोपान पहिल्या कार्डापासून वाचायला लागला. ह्या वेळी काही गाळलं नाही. आई घोड्यावर लादते तसं सारख्या भारानं सामान बांधलं, हे आलं तेव्हा बाळाबाई पदराआड हसली. म्हणाली, भार दोन्हीकडं सारखा पायजे, मीच सांगितलं व्हतं. मग तिचं हसू मावळलं, कारण हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं. नावा आल्या, बेटं आली, शेतकरणीला मागितलेली परवानगी आली. दत्ता आधी सोपानकडं बघत होता, नंतर खाली मातीकडं बघायला लागला. तिसरं कार्ड संपलं. सव्वातीनशे किलोमीटर, शेवटचा पल्ला.

राघूनं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे, पहिल्या दिवशी विचारलं होतं त्याच आवाजात विचारलं, "रोजचा किती?"

सोपानला वर बघता आलं नाही. "सत्तर," तो म्हणाला. "पहिल्यापासून सत्तर."

राघू बोटांची पेरं मोजत होता. त्याला अक्षर येत नव्हतं, पण मुक्काम मोजता येत होते. पाचव्या पेरावर त्याचा अंगठा थांबला.

"म्हंजी पोचला असता त्यो," राघू म्हणाला.

दत्तानं सोपानच्या हातातून तिन्ही कार्डं घेतली, एकावर एक सारखी केली आणि ट्रंकेत ठेवायला आत गेला. तो बाहेर येईपर्यंत सोपान घोंगड्यावर तसाच बसून राहिला.